पिवळी टोपी

पिवळी टोपी शेवटच्या वळणावर दिसली, तेव्हा लेकीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. दीड तास ती याच टोपीची वाट पाहत दोरीला धरून उभी होती. तिच्या पिशवीत बाबांचा छातीवर लावायचा नंबर होता. या शर्यतीसाठी नाव त्यांनी चार महिने आधीच नोंदवून ठेवलं होतं. नंबर घ्यायला काल तिला जावं लागलं. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते.

ते धावताना गेले नाहीत. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेला हा माणूस बावन्नाव्या वर्षी पळू लागला. कधी जिंकले नाहीत, पण शर्यतींच्या बाबतीत दर्दी झाले. त्यांनी शर्यतींच्या दोनच जाती मानल्या होत्या, साग्रसंगीत आणि रामभरोसे. साग्रसंगीत शर्यतीत दर दोन किलोमीटरला पाणी, वळणावळणावर माणूस, कडेला रुग्णवाहिका, आणि शेवटी प्रत्येकाचा फोटो. रामभरोसे शर्यतीत दहाचे साडेअकरा किलोमीटर भरायचे आणि मागच्यांसाठी पाणी उरायचं नाही. एकदा तर बाण उलटा लागला आणि पुढचे चाळीस जण एका गोदामात शिरले. मागून रमतगमत आलेले बाबा तिसरे आले. ते पदक त्यांनी दिवाणखान्यात टांगलं.

"इथे का टांगलंत?" आईने विचारलं होतं.

"रस्ता न चुकल्याबद्दल मिळालंय. सोपं नसतं ते."

असा माणूस शेवटच्या दोन वर्षांत फक्त साग्रसंगीत शर्यती पळाला. रामभरोसे एकेक करून गळत गेल्या. कधी घरी पाहुणे, कधी गाडी पंक्चर, कधी ऐन पहाटे आईचं डोकं दुखायला लागलेलं. बूट घातलेले बाबा पुन्हा बूट काढायचे, चहा टाकायचे आणि आईच्या कपाळाला बाम चोळत बसायचे. लेकीला तेव्हा आईचाच राग यायचा. साग्रसंगीत शर्यत मात्र त्यांनी एकही चुकवली नाही.

त्याचं कारण तिला फ्रेम करायला फोटो शोधताना सापडलं. अकरा शर्यती, अकरा फोटो. प्रत्येकात बाबांच्या मागे, दोन-तीन पावलांवर, कपाळावर ओढलेली पिवळी टोपी. तीच बाई. एकाही फोटोत दोघं शेजारी नव्हती, एकमेकांकडे बघतही नव्हती. तिला हेच जास्त खटकलं. अनोळखी माणसं अकरा वेळा अशी मागेपुढे येत नाहीत. ओळख लपवणारी येतात.

मग एकेक आठवू लागलं. शर्यतीचे फोटो आले की आई तिच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकवायची. "मोठा कर. अजून मोठा. मागचं दाखव." चष्मा लावून नीट बघायची आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जायची. म्हणजे आईला कळलं होतं. सगळं गिळून ती दोन वर्षं गप्प बसली होती.

भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आता काय उकरतेस? फोटो लावायचाय ना, त्या बाईला कापून लाव."

तिला ते जमलं नाही. त्या फोटोखाली आईला रोज बसायचं होतं.

पिवळी टोपी रेषा ओलांडून कमरेवर हात ठेवून थांबली. बाई पंचेचाळिशीची असावी. लेक तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पिशवीतला नंबर तिच्यापुढे धरला.

"ओळखता ना यांना?"

बाईने नंबरावरचं नाव वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांची मुलगी. नाक तेच आहे."

"दोन वर्षं चाललं होतं हे. माझ्या आईला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?"

बाईला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिने धाप आवरत बाजूच्या कठड्यावर बसकण मारली.

"बसा," ती म्हणाली. "मी हृदयाच्या डॉक्टरांकडे नर्स आहे. डॉक्टरांनी तुमच्या बाबांना पळणं बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी घरी सांगितलं, सगळं ठीक आहे. तुमच्या आईला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी एकट्या दवाखान्यात आल्या."

"मग तिने थांबवलं का नाही त्यांना?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, थांबवलं तर ते घरात बसून संपतील. मग माझ्या टेबलाखालचे बूट दिसले त्यांना. म्हणाल्या, तुम्ही पळताच, तर जरा यांच्या मागून पळाल का? ही टोपी त्यांनीच दिली. फोटोत लगेच सापडायला हवी म्हणून."

लेक कठड्यावर बसली. समोरून पदक घातलेली माणसं लंगडत, हसत जात होती.

"बाबांनी तुम्हाला कधी ओळखलं नाही?"

"ते मागे वळून बघायचेच नाहीत."

कडेला उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचा चालक दार उघडं टाकून पेपर वाचत होता. लेक त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि ज्या शर्यतीत ही गाडी नसायची?" तिने विचारलं. "तिथेही असायचात तुम्ही?"

"तिथे मी मागे असून काय उपयोग?" बाईने टोपी काढली आणि लेकीच्या मांडीवर ठेवली. "त्या दिवशी तुमच्या आईचं डोकं दुखायचं."