काका पॅक करत नाहीत

"अमरसिंह काका कधीच पानं टाकून पॅक करत न्हाईत. हातात काय बी असू दे, चिंचोके पुढं सारतेत अन् म्हणतेत, 'दाखव.' असल्या माणसाला ब्लफ मारायचाच न्हाई, अंगद! चांगली पानं येईस्तोवर दम धरायचा. आली की मोठी चाल!" खेळ सुरू होण्याआधीच मी माझ्या दोस्ताला सांगून ठेवलं होतं.

हुरड्याच्या दिवशी मळ्यातच आमची तीन पत्तीची स्पर्धा रंगली होती. बक्षिसाचा बोकड बाभळीला बांधलेला. शेवटी उरलो मी आणि गावचे सरपंच अमरसिंह काका.

दुपारभर मी एकदाही ब्लफ मारला नाही. आणि मग पानं उचलली, तर तीन राजे! मी चाल दुप्पट केली. काकांनी चिंचोके सारले. पुन्हा दुप्पट. पुन्हा सारले. मग मी माझा अख्खा ढीगच मधे लोटला. काकांनी मिशीवरून हात फिरवला, होते नव्हते ते सगळे चिंचोके पुढे ढकलले.

"दाखव."

मी राजे आपटले. एकच गलका! अंगदनं मला खांद्यावर घेतलं, पोरं शिट्ट्या मारायला लागली. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. निवडणुकीचा विचार मी स्वप्नातसुद्धा केला नव्हता, तरी वरूनच ओरडलो, "काका, आता सरपंचकीला बी तुमच्यासमोर उभा राहतो! आत्ताच माघार घ्या!"

काका हुरडा चोळत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"दाखव."

अंगदनं मला हळूच खाली ठेवलं.