खोबण्या

बुधाआजीने काठी कड्यावरून खाली टाकली आणि बापजाद्यांनी काळ्या कातळात कोरलेल्या पहिल्या खोबणीत पाय घातला. पाठीला लसींचा डबा बांधलेल्या नव्या नर्सची नजर दरीवरून हटेना.

"डोळं मीट, बाय. बघशील तर जाशील. तुजं पाऊल मी बसवते."

डोळे गच्च मिटून ती उतरू लागली. खालून खरबरीत हात तिचं एकेक पाऊल अचूक खोबणीत ठेवत होता. एकदा टाच निसटली. पण पकड सुटली नाही.

खाली पोहोचल्यावर तिने डोळे उघडले. आजी जमीन चाचपत होती.

"माजी काठी कुठं पडली, बघ गं."

काठी आजीच्या पायांपुढेच होती. नर्सने तिची पांढुरकी बुबुळं पाहिली, मग वरचा कडा. संध्याकाळी याच हाताच्या भरवशावर परत चढायचं होतं.