दोघांची सरासरी

"एकवीस कमी पडतात, मॅडम," संचालक म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला.

तिनं पाहिलं. पाहण्यासारखं फार नव्हतंच. तुमच्या कामाचा दुसऱ्या संशोधकांनी आपल्या निबंधांत किती वेळा उल्लेख केला, त्यावर संस्थेत तुमची किंमत ठरायची. शेजारच्या खोलीतल्या कॅन्सरवाल्याचे उल्लेख चहा पिऊन येईपर्यंत वाढलेले असत. ती मोहरीएवढ्या गोगलगायींच्या जाती ओळखायची. तिचे सगळे मिळून चाळीस.

"यंदाची पद्धत तरी न्यायाची आहे," संचालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "ज्याचा त्याचा तराजू. तुमची तुलना कॅन्सरशी नाही, तुमच्याच विषयातल्या लोकांशी. त्यांची सरासरी गाठा, तुमचा विभाग राहील."

"माझ्या विषयात दोनच माणसं आहेत. एक मी, आणि दुसरे ते रिटायर झालेले सर."

"हो ना. त्यांचे एकसष्ट आहेत. दोघांतली सरासरी गाठायची म्हणजे त्यांच्या बरोबरीलाच यावं लागणार."

मुदत वर्षअखेरची होती. नाही जमलं तर विभाग बंद, तिला ऑफिसात एक टेबल, आणि तीन पिढ्यांनी जमवलेल्या शंखांचे खण तळघरात. टेबलाचं तिला काही वाटलं नाही. पण तळघरात ओल होती. ओलीनं शंख आधी पांढरे पडतात, मग त्यांचं पीठ होतं. हे तिनं संचालकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

संस्थेत तिला शंखबाई म्हणत. गोगलगाय नि पोटात पाय असं लोक म्हणतात, पण या बाईंच्या पोटातही पाय नव्हते. उभ्या जन्मात ती भांडली एकाच माणसाशी, या सरांशी. ते तिच्या प्रबंधाचे परीक्षक होते तेव्हापासून. ती म्हणायची, या दोन जाती आहेत. ते म्हणायचे, एकच आहे, बाईंनी चष्मा बदलावा. त्यांनी एक निबंध लिहिला की ती उत्तरादाखल दोन लिहायची. त्यांच्या एकसष्ट उल्लेखांतले बहुतेक तिचेच होते. म्हणजे इतकी वर्षं भांडून भांडून तिनंच म्हाताऱ्याला वर चढवलं होतं. हे तिच्या आज लक्षात आलं, आणि हसायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"अगं, फोन कर त्यांना," घरी नवरा म्हणाला. "शेवटी अडला हरी..."

"पुढचं म्हणू नकोस."

पण फोन तिनं केला. सर खोकत होते. तिनं सरासरीचा सगळा घोळ सांगितला. माझ्याबद्दल चार शब्द लिहा, एवढं म्हणायला मात्र तिची जीभ उचलली नाही. खण तळघरात जातील, एवढंच म्हणाली.

"किती कमी पडतात?"

"एकवीस."

पलीकडे बराच वेळ खोकला. मग सर म्हणाले, "मी कुणाची खोटी स्तुती करत नाही, बाई. तुमच्या त्या दोन जाती आजही एकच आहेत." आणि त्यांनी फोन ठेवला.

आपण फोन केलाच कशाला, असं तिला झालं. दुसऱ्या दिवसापासून ती खण रिकामे करू लागली. एकेक शंख कापसात, कापूस डबीत. डब्या ओल कितपत अडवतील, हे तिला माहीत होतं. तरी ती करत राहिली.

वर्ष संपत आलं आणि सरांचा नवा निबंध छापून आला. भलामोठा. सगळा तिच्यावर. तिनं तो उभ्यानंच वाचायला घेतला, मग स्टुलावर बसली. सरांनी तिच्या कामाची पिसं काढली होती. अगदी पहिल्या निबंधापासून एकही सोडला नव्हता. इथलं माप चुकलं, तिथली आकृती चुकली, इथे निष्कर्षाची घाई झाली. काही ठिकाणी तर धड मुद्दाही नव्हता, नुसता नन्नाचा पाडा. राग यायलासुद्धा अंगात ताकद लागते. तिला नुसतं वाईट वाटलं. म्हातारा खडूस आहे, पण पडत्यावर लाथ मारणारा नाही, अशी तिची समजूत होती.

तेवढ्यात संचालक स्वतः तिच्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत.

"झालं, मॅडम! एकसष्टला एकसष्ट. विभाग राहिला."

"कसा काय?"

"तुमच्या एकेका लिखाणाला एक, असे एकवीस उल्लेख मिळाले. एवढा मोठा निबंध आलाय ना तुमच्यावर."

"माझ्यावर नाही, माझ्याविरुद्ध आलाय."

"यंत्र वाचत नाही हो, मोजतं." दारातून ते पुन्हा वळले. "फक्त आता तुम्ही उत्तर लिहू नका. त्यांचे वाढतील."

ते गेल्यावर तिनं निबंध पुन्हा उघडला आणि बोट ठेवून मोजायला लागली. तिनं जन्मात लिहिलेले निबंध वीस. वीसच्या वीस सरांनी चूक ठरवले होते. मग एकविसावं कोणतं?

ते शेवटच्या पानावर होतं. तिचं एक अर्ध्या पानाचं जुनं टिपण, तिच्या स्वतःच्याही लक्षात नसलेलं. एका गोगलगायीच्या बाबतीत सरांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं चूक, एवढंच तिनं त्यात कबूल केलं होतं.

सरांनी तेही साफ खोडून काढलं होतं.