कपाचा कान

“बाई, तुमचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरवायचंय,” प्राचार्य म्हणाले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. घड्याळ काढून ठेवणारा माणूस निम्मं ठरवूनच आलेला असतो.

टेबलाच्या एका बाजूला चौघं. मध्ये प्राचार्य, डावीकडे तत्त्वज्ञानाच्या मॅडम, उजवीकडे चित्रकलेचे सर, आणि पार टोकाला बैठकीचं इतिवृत्त लिहायला ऑफिसातले भाऊसाहेब. समोर बाई, एकट्या, उभ्या. त्यांच्यापुढे चहाचा कप भरलेला. बाई चहा घेत नाहीत हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. तरी दर बैठकीत त्यांच्यापुढे कप यायचा आणि निवून परत जायचा.

बाईंचा वर्ग उद्याच्या शिक्षकांचा. आधी तासभर काहीतरी काढायचं. मग आपल्याला ते तसंच का दिसलं यावर डोकं फोडायचं. शेवटी ते दुसऱ्या कुणाला शिकवून बघायचं. या तिन्हींची मोट बांधण्यात बाईंची वीस वर्षं गेली होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. बाई तर तीन घरच्या.

“आमच्यात त्यांना धरू नका,” मॅडम म्हणाल्या. “मुलं पेन्सिली घेऊन बसतात. तत्त्वज्ञानाला टोकयंत्र लागत नाही.”

“आमच्यात तर मुळीच नको,” चित्रकलेचे सर म्हणाले. त्यांची यादी तोंडपाठ होती. “दोन वर्षांत बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढलेली नाही. प्रात्यक्षिक दाखवा म्हटलं की नुसत्या हसतात. प्रदर्शनाच्या वहीत दोन ओळी लिहा म्हटलं, तर ‘नंतर लिहिते’. आमच्याबरोबर चहासुद्धा घेत नाहीत. मोठ्या विदुषी ना! खडू धरला तर पदवीला डाग पडेल.”

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दहा मिनिटं द्या. वर्ग कसला आहे ते सांगत नाही, घेऊनच दाखवते.”

त्यांनी डाव्या हाताने कप टेबलाच्या मधोमध सरकवला, त्याचा कान स्वतःकडे वळवला आणि चौघांना कोरे कागद दिले. “हा कप काढा. जसा दिसतोय तसा.”

“मी?” प्राचार्य दचकले. “शाळेत मी घोडा काढला की गुरुजी त्याला शेळी म्हणायचे.”

“कप आहे साहेब,” मॅडम म्हणाल्या. “कितीही बिघडला तरी शेळी होणार नाही.”

मग सगळे कागदावर वाकले. प्राचार्यांची जीभ नकळत ओठांबाहेर आली. चित्रकलेच्या सरांचं दोन मिनिटांत झालं, सावलीसकट. बाई टेबलाला टेकून एकेकाकडे बघत होत्या, आणि वर्गात असतात तशा खुशीत होत्या.

वेळ संपल्यावर त्यांनी तीन कागद ओळीने मांडले. प्राचार्यांच्या कपाला डावीकडे कान होता. मॅडमच्या कपाला उजवीकडे. चित्रकलेच्या सरांचा कान तर असा डौलदार, की धरून उचलावा.

“कान कुठे दिसला?” बाईंनी विचारलं.

तिघांनी कपाकडे पाहिलं. त्यांच्या बाजूने नुसतं गोल पांढरं पोट दिसत होतं.

“अहो, पण कपाला कान असतोच की!” चित्रकलेचे सर म्हणाले.

“असतो. माहीत होता म्हणून काढलात. पाहिला नव्हता. माझा वर्ग एवढाच आहे.”

प्राचार्य मोठ्याने हसले. “फसलो! भाऊसाहेब, तुमचा बघू.”

भाऊसाहेबांनी कागद इतिवृत्ताच्या वहीखाली सरकवला. “राहू दे साहेब. मी आपला कारकून. समोर घडतं तेवढं उतरवतो.”

प्राचार्यांनी तो ओढून घेतलाच. कपाला कान नव्हता. पण कपाशेजारी एक हात होता, आणि त्याच्या प्रत्येक बोटाला तीन-तीन, चार-चार रेघा.

“हे काय? एवढी बोटं?”

“बोटं पाचच आहेत साहेब.” भाऊसाहेबांनी मान खाली घातली. “पण ती हलत होती. थांबतच नव्हती. दिसतं तसं काढा म्हणाल्या बाई.”

सगळ्यांनी बाईंच्या टेबलावरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. एरवी तो पदराखाली, फायलीखाली असायचा. आज शिकवण्याच्या नादात बाहेरच राहिला होता. बाईंनी तो चटकन मागे घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा टेबलावर ठेवला.

“दोन वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, वाढणार नाही, पण जाणारही नाही. चित्र शिकवणारीचा हात थरथरतो हे कळलं असतं, तर वर्ग त्याच दिवशी बंद झाला असता.”

प्राचार्यांनी घड्याळ उचललं आणि मनगटावर बांधलं.

“आत्ताच्या तासात बाईंनी रेघ ओढली कुठे?” ते म्हणाले. “लिहा भाऊसाहेब. वर्ग चालू.”

“आणि एक टोकयंत्र आमच्याकडेही पाठवा,” मॅडम म्हणाल्या.

चित्रकलेचे सर आपल्या कागदावरच्या त्या डौलदार कानाकडे बघत बसले होते. “मला वाटलं होतं, तुम्ही आम्हाला...” एवढं बोलून ते थांबले. त्यांनी खोडरबर मागून घेतला आणि कान खोडून टाकला. मग मधला कप बाईंपुढे सरकवला. “गार झालाय. दुसरा सांगू?”

“नको, हाच चालेल.”

बाईंनी दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा टेबलावर. उरलेला त्या सगळ्यांसमोर, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. चहा त्यांना पहिल्यापासून फार आवडायचा.