पिंपाचा आवाज

प्लंबरने भिंतीच्या बुडाशी छिन्नी टेकवली आणि हातोडी उचलण्याआधीच गिलाव्याचा मोठा पोपडा सुटून त्याच्या चपलेवर पडला.

"काका, ही भिंत नाही, बिस्कीट आहे," तो म्हणाला. "चहात बुडवलेलं."

कोणी हसले नाही. म्हातारा मागच्या दाराच्या पायरीवर बसला होता. दुरुस्तीसाठी मुद्दाम माहेरी आलेली लेक वाकून भिंत पाहत होती. छपराच्या पन्हळीतून उतरणारा पाइप जमिनीपासून पुरुषभर उंचीवर कापलेला होता आणि त्याच्या तोंडाखाली, खिडकीला लागून, पत्र्याचे एक पिंप उभे होते. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी उघडीप झाली होती. पिंपात मात्र पाणी नव्हते.

"एवढं पाणी पडलं, गेलं कुठे?" लेकीने पिंप कलते केले. बुडाला करंगळी जाईल एवढे भोक होते. ते गंजून पडलेले नव्हते. खिळा ठोकून पाडलेले होते. "बाबा, हे कुणी केलं?"

"मी."

"पाणी साठवायला पिंप ठेवायचं आणि त्यालाच भोक पाडायचं?"

"साठवायला नव्हतंच ते," म्हातारा म्हणाला. "तुझ्या आईला दिसेनासं झालं ना, तेव्हा पाइप कापून मी ते खिडकीखाली ठेवलं. पाऊस तिला पिंपावरून कळायचा. बारीक आहे, जोराचा आहे, आता वारा फिरला. पडल्या पडल्या सगळं सांगायची. मलाच सांगायची, कपडे आत घ्या म्हणून. पण पिंप भरलं की आवाज बसायचा. बाहेर धो धो चाललेला असायचा आणि ही विचारायची, थांबला का हो? दोन-तीनदा असं झालं. मग पाडलं भोक. त्यानंतर कधी भरलं नाही."

आई गेल्यापासून वडील इतके सलग बोलले नव्हते. लेकीने पिंप हळूच पुन्हा सरळ उभे केले.

प्लंबर खाली बसून विटा खरवडत होता. "म्हणजे अख्ख्या छपराचं पाणी या एका भोकातून. त्यात अंगणाचा उतार घराकडे. जाणार कुठे बिचारं?" त्याने बोटांवर आलेली पांढरी भुकटी दाखवली. "हा लोणा बघा, ताई. एका पावसाळ्याचं काम नाही हे. कितीतरी वर्षं भिंत पाणी पितेय. आत कोण झोपतं इथे?"

खिडकीतून आतली खाट दिसत होती. तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. खाटेचे डोके याच भिंतीला टेकलेले होते.

म्हातारा पायरीवरून उठला. भिंतीपाशी येऊन त्याने उघड्या पडलेल्या विटांवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला.

"डॉक्टर काय म्हणाले होते गं?"

"कशाबद्दल, बाबा?"

"तिच्या छातीबद्दल. खोलीत ओल आहे का, असं विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हणालो. आदल्याच महिन्यात आतून रंग दिला होता मी. पोपडे धरले होते म्हणून."

लेकीने प्लंबरकडे पाहिले. तो काही बोलणार होता. तिची नजर पाहून तो पिशवीत पाइपाचा जोड शोधू लागला.

"ही ओल नवी आहे, बाबा," ती म्हणाली. "यंदाचीच. हो ना, दादा?"

"हो, हो," प्लंबर पिशवीतूनच म्हणाला. "यंदा पाऊसही जरा जास्तच झाला."

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बरं," तो म्हणाला. मग त्याने पिंप आडवे केले आणि स्वतःच लोटत कुंपणापर्यंत नेले. लेक मदतीला पुढे झाली, तेव्हा त्याने हातानेच तिला नको म्हटले.

दुपारपर्यंत पाइप जमिनीत गेला आणि अंगणाखालून फाटकाबाहेरच्या गटारापर्यंत पोहोचला. प्लंबर नळी घेऊन छपरावर चढला.

"काका, आत जाऊन बसा. मी वरून पाणी सोडतो. जोडाला कुठे ठिबकतंय का, कान देऊन ऐका."

लेक फाटकाशी जाऊन उभी राहिली. थोड्याच वेळात गटाराच्या तोंडाशी पाण्याची जाड धार आली आणि मातकटाची स्वच्छ झाली. पाणी बिनबोभाट जात होते. ती खिडकीपाशी परत आली.

"बाबा, काही ऐकू येतंय?"

म्हातारा खाटेच्या कडेवर बसला होता. एक हात गुंडाळलेल्या गादीवर होता. डोक्यावर अख्खे छप्पर वाहत होते आणि खोलीत त्याचा एक थेंबही वाजत नव्हता.

त्याने खिडकीकडे पाहिले नाही. तो उशाच्या बाजूला किंचित वाकला.

"थांबला गं," तो म्हणाला.