पाच आठवड्यांची पट्टी

"टूथपेस्ट खाली ठेवा आधी," साबेरा दारातूनच म्हणाली.

तारामतीबाईंनी ट्यूब ओट्यावर ठेवली. कुरडया तळताना कढई कलंडली होती आणि कडकडीत तेल डाव्या मनगटावर आलं होतं. कढई पडल्याचा आवाज शेजारी गेला, म्हणून साबेरा धावत आली होती. भोकरच्या त्या गल्लीत दोघींच्या घरांना मधली भिंत एकच. पण सहा वर्षांत 'नळ आला का' याच्यापुढं बोलणं गेलं नव्हतं.

साबेरानं गॅस बंद केला. सूज चढायच्या आत बांगड्या उतरवल्या आणि हात नळाखाली धरला.

"बास की आता आपा, पाणी चाललं सगळं."

"जाऊ द्या. वीस मिनिटं धरायचा. घड्याळ बघून राहिले मी."

"बर्फ हाय फ्रीजमधी."

"बर्फ नको, हळद नको, कणीक नको. नुसतं पाणी."

चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. तिच्यापुढं कुणाचं चालत नसे. वीस मिनिटांनी तिनं धुतलेलं सुती फडकं हातावर सैल टाकलं. फोड आले होते, त्यांना हात लावू दिला नाही. रिक्षा बोलावून ती स्वतः तारामतीबाईंना गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि रोज पट्टी बदला म्हणाले.

"एका हातानं कशी बदलू मी?" रिक्षात तारामतीबाई म्हणाल्या.

"मी हाय ना," साबेरा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी चारला येऊ लागली. साबणानं हात धुवायची, पट्टी सोडायची, मलम लावायची, नवी बांधायची. तारामतीबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत. जखम बघवत नाही म्हणायच्या.

"कसं हाय?"

"अजून ओलं हाय. टाइम लागंल."

हाताला पाणी लागू द्यायचं नव्हतं, म्हणून साबेरा भाकरी थापून द्यायची. मग चहा मांडायची. पुढं पुढं वेणीही घालून द्यायला लागली. वेणी घालताना एकदा म्हणाली, "माझ्या लेकीची, अर्शीची घालायचे रोज. आता हैद्राबादला तिची पोरगीच वेणी घालण्याएवढी झाली. फोनवर दाखवते कधी कधी."

तारामतीबाईंना मालक जाऊन सात वर्षं झाली होती. त्यानंतर गावचं शेत वाट्यानं देऊन त्या भोकरला आल्या. लेक उज्वला नांदेडला शाळेत शिकवायची, महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. बाकीचे दिवस टीव्ही लावायचा आणि बंद करायचा. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. साबेराला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपणही रेडिओशी बोलतो म्हणाली.

असे पाच आठवडे गेले.

मग उज्वला आली. आईच्या हातावर अजून पट्टी बघून दारातच थांबली.

"अजून बरं नाही झालं?"

"ओलं हाय म्हणती आपा."

"पाच आठवडे? आई, शुगर तपासली का तू? आणि ती बाई लावते तरी काय त्याला?"

"डॉक्टरनं दिलेलं मलमच लावती. तिच्याबद्दल काही बोलू नको."

"बोलत नाही. पण रिटायर होऊन किती वर्षं झाली तिला? नजर तरी धड आहे का? उद्या हात गेला म्हणजे?"

उज्वलानं पिशवी भरायला घेतली. उद्या नांदेडला चांगल्या डॉक्टरला दाखवायचं, आणि जखम चिघळली असेल तर आईला तिकडंच ठेवून घ्यायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. चार वाजता साबेरा आली. पिशवी बघून दारातच उभी राहिली.

"नांदेडला नेते आईला," उज्वला म्हणाली. "जखम का भरत नाही ते बघायला पाहिजे ना."

साबेरानं मान खाली घातली. "बरोबर हाय," म्हणाली. तिनं पट्टी बदलली. रोजच्यापेक्षा वेळ लागला. जाताना तिनं चहा घेतला नाही.

नांदेडच्या दवाखान्यात सकाळी अकराला नंबर लागला. उज्वला काळजीनं उतरलेल्या चेहऱ्यानं आईशेजारी बसली होती. डॉक्टर तरुण होती, मंजुषा नाव होतं. ती कात्री घेऊन पट्टीला हात लावणार, तेवढ्यात उज्वलाला शाळेतून फोन आला. आत आवाज नीट येईना, म्हणून ती बाहेर गेली.

डॉक्टरनं पट्टी कापली. खालचा कापूस उचलला. मनगट उजेडात धरलं, वळवून बघितलं, बोटानं दाबून बघितलं.

"आजी, दुखतं का इथं?"

"न्हाई."

"दुखणारच नाही. ही जखम भरून तीन आठवडे तरी झालेत. नुसता डाग राहिलाय. पट्टी कोण बांधतंय रोज?"

"शेजारीण. नर्स होती ती."

"नर्स?" डॉक्टर चकित झाली. "मग तिला कळलं कसं नाही?"

तारामतीबाईंनी दाराकडे बघितलं. उज्वला अजून बाहेरच होती.

"तिला कळलंय," त्या हळूच म्हणाल्या. "मलाबी कळलंय, माझाच हात हाय. लेकीला सांगा, आठ दिसांत बरं होईल, घरी जाऊ द्या. अन् पट्टी परत बांधा बाई. गाठ आतल्या अंगाला मारा, आपा तशीच मारती. मला ठाव हाय हे तिला कळाया नको."