हॉर्नमधला हात

प्रदीपनं आयुष्यभर सोलापुरातल्या वरातींत हॉर्न वाजवला. आज तो पहिल्यांदाच सभागृहात, खुर्चीवर बसून वाजवत होता. शेजारी पियानोवर लेक धम्मप्रिया. "आज तुम्हाला कुणी बँडवाला म्हणणार नाही, बाबा," ती येतानाच म्हणाली होती. हॉर्न आणि पियानोसाठी लिहिलेली रचना रंगली होती. उजवा हात हॉर्नच्या कर्ण्यासारख्या रुंद तोंडात धरल्यानं सूर मऊ निघत होता. तेवढ्यात प्रमुख पाहुणे स्टेजवर आले आणि वरातीतल्यासारखी पाचशेची नोट त्यांनी प्रदीपच्या डोक्यावरून ओवाळली. लेकीवरून नाही, फक्त त्याच्यावरून. सवयीनं हात बाहेर आला आणि त्यानं नोट धरली. सूर फाटला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. आता नोटेसकट हात हॉर्नमध्ये नीट बसेना. धम्मप्रियाचे कान तापले. पियानो न थांबवता ती म्हणाली, "बाबा, टाका ती!" मान खाली घालून प्रदीप पुटपुटला, "सायेब बघत्यात की."